सहरीच्या वाटीत साखर किती?

पहाटेचे साडेचार. जळगावच्या तांबापुऱ्यात, मेहरूणमध्ये, धुळ्याच्या मौलवीगंजात किंवा वडजाई रोडला रमजानच्या दिवसांत या वेळी स्वयंपाकघरांचे दिवे लागलेले असतात. रोजा सुरू होण्याआधीचे हे जेवण म्हणजे सहरी. ती उरकायला हाताशी जेमतेम पाऊण तास असतो. रात्री तरावीहची नमाज आटोपून झोपायला उशीर झालेला असतो. मुलांचे डोळे उघडत नाहीत. कुणाला एवढ्या पहाटे भाकरी जात नाही, कुणाला कालचे सालन नको असते. मग जे पटकन होईल तेच ताटात येते. दुधात भिजवलेली फेणी, चहात बुडवलेले टोस्ट, साखर घालून दूध-पाव. पोट भरते, अजान होते, रोजा सुरू होतो.

आणि सकाळचे दहा-अकरा वाजत नाहीत तोच पोटात कावळे ओरडू लागतात. डोके जड होते. संध्याकाळ तर अजून कोसभर लांब असते. दोष रोजाचा नसतो. दोष बऱ्याचदा त्या पहाटेच्या वाटीचा असतो. मैदा आणि साखर लवकर पचतात, रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तशीच उतरते. ज्या जेवणावर तेरा-चौदा तास काढायचे, ते जेवण तीन-चार तासांत संपून जाते.

गेल्या काही वर्षांत या अडचणीवर एक नवा उपाय घरात आला आहे. पुण्या-मुंबईत शिकणारी मुले सुटीत येताना ग्रॅनोलाचे पाकीट घेऊन येतात. भाजलेले ओट्स, बदाम, बिया, वर मनुका. दुधात टाकले की सहरी तयार. पाकिटावर मोठ्या अक्षरांत आरोग्याचे गुणगान असते. ते उलटे करून मागची बारीक अक्षरे मात्र क्वचितच कुणी वाचतो.

बिनसाखरेचा जन्म

ग्रॅनोलाची गोष्ट सुरू झाली तेव्हा त्यात साखर नव्हती. 1863 मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी, जेम्स केलेब जॅक्सन नावाच्या डॉक्टरने आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी गव्हाच्या कोंड्यासकट पिठाचे एक खाणे तयार केले. पीठ भिजवून भाजायचे, तुकडे करायचे, पुन्हा भाजायचे. त्याने त्याला ‘ग्रॅन्युला’ म्हटले. ते इतके कडक होत असे की रात्रभर भिजत घातल्याशिवाय दात लागत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ केला आणि नावावरून वाद नको म्हणून त्याला ‘ग्रॅनोला’ म्हणू लागले. हे केलॉग साखरेचे कट्टर विरोधक होते. त्यांचे धाकटे बंधू विल यांनी मात्र 1906 मध्ये स्वतःची कंपनी काढली. धान्याच्या न्याहारीत साखर घालण्यावरून दोघा भावांचे बिनसले होते, हे सर्वश्रुत आहे. बाजारात धाकट्या भावाची चव जिंकली.

म्हणजे आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून केलेले भाजक्या धान्याचे खाणे बाजारात गेले आणि गोड झाले. आज पाकिटातला ग्रॅनोला कुरकुरीत लागतो, त्याचे गुपित बहुतेक वेळा पाकातच असते. साखर, मध किंवा गुळाचा पाक दाण्यांवर बसतो, भट्टीत वाळतो आणि दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे खडे होतात.

हिशेब चमच्यांचा

साखर किती खावी याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये स्पष्ट मर्यादा सांगितली. दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा कमी असावा, आणि पाच टक्क्यांच्या आत आणता आला तर उत्तम. दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे 50 ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा साखर सुमारे चार ग्रॅमची भरते. आपल्या घरातला शीग लावलेला चमचा त्याहून जास्त.

आता रमजानची एक संध्याकाळ मोजून पाहावी. इफ्तारला बाटलीतल्या सरबताचे दोन मोठे चमचे घातलेला एक पेला म्हणजे साखर 20 ते 25 ग्रॅम. नंतर जेवणावर एक चहा, तरावीहहून आल्यावर दुसरा, सहरीला तिसरा. प्रत्येकात दोन चमचे धरले तरी आणखी 24 ग्रॅम. जिलेबी, फालुदा, फेणी अजून धरलेलीच नाहीत, आणि 50 ग्रॅमची हद्द येऊन ठेपली. दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या माणसाने रात्रीच्या काही तासांत दिवसभराची साखर संपवलेली असते.

या हिशेबात फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिली म्हणजे ‘साखर नाही, मध घातलाय’ किंवा ‘गूळ घातलाय’. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मध, पाक आणि फळांचा रससुद्धा वरून आलेल्या साखरेतच धरला जातो. अख्ख्या ताज्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर तेवढी त्यातून वगळली आहे. गूळ चवीला वेगळा, पण शरीराला तो मुख्यतः साखरच.

दुसरी फसगत पाकिटाची. भारतात पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. यादीत पहिल्या तीन-चार नावांत साखर, मध, ग्लुकोज सिरप किंवा गूळ दिसला, तर पाकिटावर पुढे काहीही लिहिलेले असो, ते गोड खाणेच समजावे. पोषणाच्या तक्त्यात ‘वरून घातलेली साखर’ वेगळी छापलेली असते. ती 100 ग्रॅममागे 20 ग्रॅम असेल, तर 40 ग्रॅमच्या वाटीत आठ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे झाली. चहा बिनसाखरेचा पिऊन ती वाटी खाल्ली तर हिशेब जिथल्या तिथे.

दाणा बाजारातला ग्रॅनोला

भाजलेले धान्य खाणे ही काही परदेशातून शिकण्याची गोष्ट नाही. खानदेशात उन्हाळा तोंडावर आला की सातूचे पीठ करण्याची जुनी रीत आहे. गहू आणि हरभऱ्याची डाळ किंवा दाळ्या भाजायच्या, सुंठ-वेलची-जिरे घालून दळायचे आणि दुधात किंवा पाण्यात कालवून खायचे. शेतावर जाणारा माणूस ते फडक्यात बांधून न्यायचा. चूल नको, तवा नको. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या, जत्रेतले फुटाणे, संक्रांतीचे तीळ ही सगळी त्याच घराण्यातली.

इस्लामी परंपरेतही हे खाणे अनोळखी नाही. अरबांच्या प्रवासात ‘सवीक’ नावाचे भाजलेल्या जवाचे पीठ सोबत असे. प्रवासात सूर्य मावळल्यावर प्रेषितांसाठी सवीक पाण्यात कालवून इफ्तार केल्याची नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. जवाची पातळ पेज, ‘तलबीना’, आजारी आणि शोकाकुल माणसाला देत, हेही तिथेच सापडते. सवीक आणि सातू हे दोन वेगळ्या मुलखांतले, पण एकाच गरजेतून आलेले खाणे. लांबच्या पल्ल्याला हलके आणि टिकाऊ असे काहीतरी लागते, ते दोघांनी भाजक्या धान्यात शोधले.

धान्यही घरचेच चांगले आहे. खानदेशातली रब्बीची दादर ज्वारी भाकरीसाठी नावाजलेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार ज्वारी-बाजरीच्या 100 ग्रॅममध्ये तंतुमय भाग दहा ग्रॅमच्या आसपास असतो. महागड्या ओट्समध्येही साधारण तेवढाच. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले ते भारताच्याच प्रस्तावावरून. तेव्हापासून ज्वारीचे पोहे शहरातल्या दुकानांतही सहज मिळू लागले आहेत. तंतुमय भागामुळे अन्न सावकाश पचते आणि भूक उशिरा लागते. रोजेदाराला पहाटे नेमके हेच हवे असते.

राहिला प्रश्न गोडीचा आणि दाणे चिकटवण्याचा. त्याचे उत्तर रावेर, यावल, चोपड्याच्या मळ्यांत आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळे पिकत जाते तसतसे त्यातल्या पिठाची साखर होत जाते. म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेले, गाडीवाला संध्याकाळी स्वस्तात देऊन टाकतो ते केळे या कामाला सगळ्यांत चांगले. पाकाच्या जागी त्याचा लगदा चालतो.

घरच्या घरी

एका माणसाला सुमारे पंधरा दिवस, म्हणजे चौघांच्या घराला चार दिवस पुरेल असे हे माप आहे.

ओट्स 200 ग्रॅम आणि ज्वारीचे पोहे 100 ग्रॅम. ओट्स नको असतील तर 300 ग्रॅम ज्वारीचेच पोहे घ्यावेत. शेंगदाणे 75 ग्रॅम, अर्धे-अर्धे केलेले. तीळ 30 ग्रॅम, जवस 20 ग्रॅम, भोपळ्याच्या किंवा टरबुजाच्या सोललेल्या बिया 30 ग्रॅम. पूर्ण पिकलेली दोन केळी, शेंगदाण्याचे तेल दोन मोठे चमचे, एक चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा सुंठ, चार वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ. शेवटी घालायला आठ खजूर, बिया काढून बारीक चिरलेले. साखर, गूळ, मध काहीच नाही.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आधी शेंगदाणे भाजून काढावेत, मग जवस आणि तीळ वेगवेगळे. जवस तडतडले की लगेच उतरवावे आणि जाडसर कुटावे. अख्खे जवस पोटातून तसेच निघून जाते. त्याच कढईत ओट्स आणि पोहे खमंग वास येईपर्यंत परतावेत. केळी काट्याने मऊ कुस्करून त्यात तेल, मसाला आणि मीठ मिसळावे. हे मिश्रण पोह्यांवर ओतून हाताने किंवा उलथन्याने सगळीकडे लावावे. मग शेंगदाणे, तीळ, जवस आणि बिया घालून पुन्हा मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे परतत राहावे. घाई केली तर बाहेरून करपते आणि आत ओल राहते. ओव्हन असेल तर ताटात पातळ पसरून 150 अंशांवर 40 ते 45 मिनिटे ठेवावे आणि दर दहा-बारा मिनिटांनी हलवावे.

कढईतून काढताना मिश्रण थोडे मऊच लागते. परातीत पसरून पूर्ण गार झाले की कडक होते. खजूर गार झाल्यावरच मिसळावेत, आधी घातले तर ते जळून कडू होतात. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस टिकते. केळ्याची ओल असल्याने पाकातल्या ग्रॅनोलाइतके महिनोन्‌महिने टिकणार नाही, म्हणून थोडे थोडे करावे.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हा ग्रॅनोला पाकिटातल्यासारखा खडखडीत होत नाही, कारण तो खडखडाट साखरेचा असतो. जे अंडे खातात त्यांनी एका अंड्याचा पांढरा भाग फेसून केळ्याच्या लगद्यात मिसळला आणि ओव्हनमध्ये भाजले तर साखरेवाचून बराच कुरकुरीतपणा येतो.

या मापात एकूण 600 ग्रॅमच्या आसपास माल तयार होतो. 40 ग्रॅमची एक वाटी धरली तर तिच्यात केळी-खजुराची मिळून गोडी सुमारे पाच ग्रॅम येते, आणि वरून घातलेली साखर शून्य. सहरीला ही वाटी दही किंवा साय काढलेल्या दुधासोबत घ्यावी, बरोबर एखादे उकडलेले अंडे किंवा मूठभर भिजवलेले हरभरे असावेत. ज्यांना पहाटे कोरडे चावायचा कंटाळा येतो, त्यांनी रात्रीच दह्यात भिजवून ठेवावे.

ज्या घरात एवढीही सवड नाही, तिथे सातू आहेच. दोन वाट्या गहू आणि एक वाटी दाळ्या वेगवेगळे भाजून, सुंठ-जिरे घालून एकदा दळून आणले की महिना निघतो. गुळाऐवजी कुस्करलेल्या केळ्यात कालवावे, किंवा मीठ-जिरे घालून ताकात. उन्हाच्या दिवसांत ताकातला सातू पोटाला गारही वाटतो.

ज्यांच्यासाठी हा प्रश्न चवीचा नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे त्यात दिसले. म्हणजे एका गल्लीत ज्या घराला हा विषय लागू नाही असे घर शोधावे लागेल. रोजे करणाऱ्या घरांत तो अधिक नाजूक होतो, कारण घरातली मोठी माणसे गोळ्या चालू असतानाही रोजा सोडायला तयार नसतात आणि डॉक्टरांना विचारायचेही टाळतात.

रमजान आणि मधुमेह या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शनात काही गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटून रोजा झेपेल का ते ठरवावे. गोळ्या किंवा इन्शुलिनच्या वेळा आणि मात्रा त्यांच्याकडूनच बदलून घ्याव्यात, मनाने नाही. रोजात असतानाही बोटातून थेंब घेऊन साखर तपासावी; त्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, घाम फुटला, हात थरथरू लागले, भोवळ आली, तर तिथेच रोजा सोडावा. आजारी माणसाने रोजे पुढे करावेत, अशी सवलत कुरआनातच, सूरह अल-बकरामध्ये आहे. ज्याला ते कधीच शक्य नाही त्याच्यासाठी फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालण्याची वाटही आहे. ही सवलत घेणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे नव्हे.

मधुमेह असलेल्या माणसाने बिनसाखरेचा ग्रॅनोलाही मोजूनच खावा. त्यात धान्य आहे, केळे आहे, खजूर आहे. खजुराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग साखरेचाच असतो. इफ्तारला एक खजूर पुरतो. सवय आणि मान, दोन्ही राखले जातात.

तीन अशरे, दीड चमचा

रमजानच्या महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानले जातात. त्यांना अशरे म्हणतात. साखर कमी करायला याहून सोयीचे वेळापत्रक सापडणार नाही. एकदम सोडलेली साखर चौथ्या दिवशी दुप्पट होऊन परत येते. हळूहळू सोडलेली मात्र जिभेच्या लक्षात येत नाही.

पहिल्या अशऱ्यात चहातली साखर दोन चमच्यांवरून दीडवर आणावी. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात अर्धा. सरबताची बाटली रोज काढण्याऐवजी शुक्रवारपुरती ठेवावी. बाकीच्या दिवशी लिंबू, सब्जा आणि चिमूटभर मीठ घातलेले पाणी, नाहीतर ताक. जिलेबी आणायचीच तर पाहुणे येतील त्या दिवशी, आणि तीही पावशेरच. महिनाभरात जिभेला कमी गोडीची सवय होते आणि पूर्वीचा चहा चाखला तर तोच गोडमिट्ट वाटू लागतो.

हे वेळापत्रक फक्त रोजेदारांसाठी नाही. गेली काही वर्षे होळी रमजानच्या महिन्यातच येते आहे. एका गल्लीत साखरेचे हार-कडे मुलांच्या गळ्यात पडतात आणि पलीकडच्या गल्लीत इफ्तारला फालुदा वाटला जातो. ताटांची देवघेव दोन्हीकडून होते आणि ती व्हायलाच हवी. पण शेजारी पाठवायच्या ताटात एका डब्यात घरचा ग्रॅनोला, खजूर किंवा भाजक्या शेंगदाण्यांची पुडी गेली, तरी प्रेम कमी होत नाही. उलट ज्या घरात साखर तपासायचे यंत्र फडताळात ठेवलेले आहे, त्या घरातल्या माणसाला त्या डब्यात आपली आठवण ठेवलेली दिसते.

आणि मग येते ईद. त्या दिवशी घराघरांत शीरखुर्मा होणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाट्या जाणार, कुणी नको म्हणणार नाही. म्हणूही नये. फक्त एवढे ध्यानात असावे की शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. या पदार्थाच्या नावात साखर नाही. दूध आटवले, खजूर दुधात नीट शिजवले, चारोळी-बदाम घातले, तर साखर नेहमीच्या निम्मी घालूनही पातेले रिकामेच होते. महिनाभर जिभेने केलेल्या सरावाची परीक्षा त्याच सकाळी होते.